हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार, गर्भापासून म्हातारपणापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांवर जे संशोधन होतं ते मी मराठीत समजावून सांगते. त्यावर येणाऱ्या पत्रांत काही प्रश्न पुन्हा पुन्हा असतात, ते इथे एका जागी घेतले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. तेच उत्तर दोनदा नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे. एक कळकळीची विनंती: हे वाचून चालू गोळी परस्पर बंद करू नका. आपल्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं हे कळावं, यासाठी हे लिहिलं आहे.

१. हार्ट अटॅक, कार्डिअ‍ॅक अरेस्ट आणि हार्ट फेल्युअर म्हणजे एकच ना?

नाही, तिन्ही वेगळे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी करोनरी धमनी गुठळीने बंद झाली आणि तो स्नायू मरू लागला, की तो हार्ट अटॅक. हृदयाची लय एकाएकी बिघडून रक्त पुढे जाणंच थांबलं, की कार्डिअ‍ॅक अरेस्ट. यात माणूस जागच्या जागी कोसळतो, आणि छाती दाबून सीपीआर लगेच सुरू झाला नाही तर काही मिनिटांत सगळं संपतं. हार्ट फेल्युअर या शब्दाने लोक घाबरतात, पण त्यात हृदय बंद पडलेलं नसतं. शरीराला हवं तेवढं रक्त ते ढकलू शकत नाही, म्हणून पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते, रात्री सपाट झोपवत नाही.

अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, आणि काही वर्षांनी फेल्युअरही. पण अटॅक आलेला माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, चालतोही. त्यामुळेच 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणत मोलाचे तास वाया जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये या विकारांनी सुमारे १ कोटी ७९ लाख माणसं गेली. जगातल्या एकूण मृत्यूंचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि त्यातले ८५ टक्के हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताचे.

२. हा उतारवयातला आजार आहे. तिशीत कशाला डोक्याला ताप?

आजार दिसतो उतारवयात, सुरू फार आधी होतो. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली आणि निष्कर्ष १९५३ मध्ये छापले. सरासरी वय २२. लढाईवर पाठवण्याइतकी धडधाकट मुलं ती. तरीही ७७ टक्के हृदयांच्या करोनरी धमन्यांत नुसत्या डोळ्यांना दिसतील असे बदल होते.

धमनी उभी चिरून उलगडली तर निरोगी माणसात तिचं आतलं अस्तर ओल्या रेशमासारखं गुळगुळीत असतं. आजाराच्या पहिल्या पायरीवर त्यावर फिकट पिवळे पट्टे उमटतात, इतके सपाट की बोट फिरवलं तरी फारसे जाणवत नाहीत. एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे कण अस्तराखाली शिरून अडकतात, पांढऱ्या पेशी ते गिळतात, फुगतात आणि तिथेच राहतात. वर्षं जातात तसा पट्ट्यांचा थर होतो, थरात चुना साठतो, आणि म्हाताऱ्या माणसाची धमनी कापताना कात्रीखाली करकर आवाज येतो. थरावरचं पातळ आवरण एखाद्या दिवशी फाटतं, तिथे रक्त गोठतं आणि धमनी बंद होते. अटॅक मिनिटांत येतो, त्याची तयारी तीस-चाळीस वर्षं चाललेली असते.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७३ पासून मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यातली जी मुलं आणि तरुण पुढे अपघातात किंवा अन्य कारणांनी दगावले, त्यांच्या धमन्यांत हेच दिसलं: वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांतल्या जितक्या गोष्टी बिघडलेल्या, तितका धमन्यांचा जास्त भाग थरांनी व्यापलेला.

३. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट वाईट हे शोधलं कुणी आणि कसं?

प्रामुख्याने फ्रॅमिंगहॅमच्या लोकांनी. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावातली ५,२०९ माणसं १९४८ पासून दर दोन वर्षांनी तपासणीला येऊ लागली. पुढे त्यांची मुलं आली, मग नातवंडं. कुणावरही उपचार करून बघायचा नव्हता. कुणाला काय होतं याची चिकाटीने नोंद ठेवायची आणि वाट बघायची. त्या काळी रक्तदाब वयानुसार वाढणारच असं डॉक्टरही मानत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षं चढत राहिला आणि १९४५ मध्ये ते मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. 'रिस्क फॅक्टर' हा शब्द १९६१ मध्ये फ्रॅमिंगहॅमच्याच संशोधकांनी रूढ केला.

व्यायामाचं श्रेय मात्र लंडनच्या बसगाड्यांना. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं, की दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसमध्ये सतत वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होतो. पुढे २००४ मध्ये सलीम युसुफ यांच्या इंटरहार्ट अभ्यासाने ५२ देशांतली माणसं तपासली. पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्याचा सुमारे नऊ-दशांश भाग मोजता येण्याजोग्या नऊ गोष्टींत सापडला, आणि त्या सगळीकडे जवळपास त्याच होत्या.

४. आईच्या पोटातच बाळाचं हृदय ठरतं, हे खरं का?

'ठरतं' म्हणणं चूक, 'पारडं थोडं झुकतं' म्हणणं बरोबर. इंग्लंडच्या हर्टफर्डशरमध्ये १९११ पासून परिचारिका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत हाताने टिपून ठेवत. डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या वह्या लागल्या. ती बाळं पुढे कशाने वारली हे त्यांनी मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिलं. १९८९ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की ज्या मुलग्यांचं वजन जन्माला आणि वर्षाला सगळ्यांत कमी होतं, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेल्या बाळांच्या अभ्यासातूनही दुष्काळाचा ठसा पुढे दशकानुदशकं राहिल्याचं दिसलं.

हा धागा आईकडेही जातो. गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब वाढून मूत्रपिंडासारख्या अवयवांवर ताण येण्याचा विकार, होऊन गेला असेल तर पुढच्या आयुष्यात त्या स्त्रीला हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. बाळंतपण सुखरूप झालं की ही गोष्ट सगळेच विसरतात. वीस वर्षांनी नव्या डॉक्टरांकडे गेलात तरी आवर्जून सांगा. ते बहुधा आपणहून विचारणार नाहीत.

५. लहान मुलाचं कोलेस्टेरॉल कधी तपासतात का?

सरसकट सगळ्या मुलांचं तपासावं का, यावर देशोदेशी मतभेद आहेत. पण आई-वडील, काका-मामा यांपैकी कुणाला ऐन तारुण्यात अटॅक आला असेल, किंवा एलडीएल फारच जास्त असेल, तर नक्की तपासावं. साधारण अडीचशे माणसांत एकाला कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक विकार असतो. त्यात यकृत रक्तातलं एलडीएल पुरेसं ओढून घेत नाही, आणि ते जन्मापासून चढलेलं राहतं. पालकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. काहींच्या टाचेमागच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, कठीण गाठी येतात, बहुतेकांना बाहेरून काहीच दिसत नाही.

नेदरलँड्समध्ये अशा २१४ मुलांना लहानपणीच स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारं औषध, सुरू केलं आणि वीस वर्षांनी पुन्हा पाहिलं (निष्कर्ष २०१९). वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या १ टक्क्याला हृदयविकाराचा झटका किंवा तत्सम काही झालं होतं. तोच विकार असलेल्या त्यांच्या आई-वडिलांमध्ये त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होतं. ही तुलना दोन पिढ्यांची आहे, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांची नाही, त्यामुळे सगळं श्रेय गोळीला देता येणार नाही. तरी फरक इतका मोठा आहे, की एखाद्या घरात हा विकार सापडला आणि मुलांची तपासणी झालीच नाही असं वाचलं की मला वाईट वाटतं.

६. घसा दुखण्याचा हृदयाशी काय संबंध?

स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे घसा आला आणि उपचार राहिला, तर काही मुलांत शरीराची प्रतिकारशक्ती उलटते आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. हा संधिवाती ताप, म्हणजे रुमॅटिक फीव्हर. वेळेत दिलेलं पेनिसिलिन तो टाळू शकतं. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या चाचणीत (२०२१) झडपेला नुकतीच, लक्षणं न दाखवणारी इजा सुरू झालेल्या मुलांपैकी निम्म्यांना दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दोन वर्षांत इजा वाढली ती इंजेक्शनवाल्यांपैकी ०.८ टक्के मुलांत, बाकीच्यांत ८.२ टक्के. इतक्या जुन्या औषधाने इतकं साधतं, आणि तरी या आजारावरच्या बातम्या क्वचितच दिसतात.

७. आज एक अभ्यास चांगलं म्हणतो, उद्या दुसरा वाईट. विश्वास ठेवायचा कशावर?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हा, म्हणून उत्तरही लांब. तीन गोष्टी विचारायच्या: गट कसे पाडले, मोजलं काय, आणि कोणत्या माणसांवर.

गट कसे पाडले. रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणांवरचे अभ्यास वर्षानुवर्षं सांगत होते. पण त्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या, तब्येतीला जपणाऱ्या होत्या. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून एकाला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली हुबेहूब गोळी दिली, तेव्हा हृदयाला फायदा दिसला नाही, उलट धोका थोडा वाढलेला दिसला. २००२ मध्ये ती चाचणी मधेच थांबवावी लागली. (रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी त्या सुमारास थोडा काळ घेतलेले हार्मोन हा निराळा विषय आहे.)

मोजलं काय. अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त, म्हणून ठोके दाबणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं दिली जात. ईसीजी सुंदर दिसायचा. १९८९ मध्ये कास्ट नावाच्या चाचणीने प्लासिबोशी तुलना केली, तर औषध घेणाऱ्यांत मृत्यू दुपटीहून जास्त निघाले. ईसीजी सुधारला होता, माणसं जात होती. टॉर्सेट्रापिब या औषधाचंही तसंच झालं: एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, भरपूर वाढलं, मृत्यूही वाढले, आणि २००६ मध्ये ते औषध सोडून द्यावं लागलं. तेव्हापासून कुठल्याही बातमीत मी आधी हे शोधते, की अटॅक आणि मृत्यू मोजलेत, की रक्ताच्या अहवालातला एखादा आकडा.

कोणत्या माणसांवर. मोठ्या चाचणीचे तुकडे करत गेलं की काहीही 'सापडतं'. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते आणि अटॅकच्या वेळी दिलेलं अ‍ॅस्पिरिन जीव वाचवतं हे स्पष्ट दिसलं. संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची जन्मराशीप्रमाणे विभागणी करून दाखवली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाही असं निघालं! अर्थात तो निव्वळ योगायोग होता, आणि तेच त्यांना दाखवायचं होतं. 'अमुक वयाच्या, अमुक वजनाच्या लोकांत मात्र फायदा झाला' अशी ओळ वाचली की मिथुन-तूळ आठवा.

८. 'धोका २५ टक्क्यांनी कमी' म्हणजे शंभरातले पंचवीस वाचतात का?

नाही. २०१५ च्या स्प्रिंट चाचणीचंच उदाहरण घ्या. वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणलेल्या गटात वर्षाला १.६५ टक्के लोकांना अटॅक, पक्षाघात, हार्ट फेल्युअर असं काही झालं. १४० च्या खाली ठेवलेल्या गटात २.१९ टक्के. २.१९ वरून १.६५, म्हणजे एक चतुर्थांश घट, म्हणून २५ टक्के. पण हजार माणसांत वर्षाला वाचली साधारण पाच-सहा.

हे थोडं की फार, हे तुमच्या मूळ धोक्यावर ठरतं. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला तीच एक चतुर्थांश घट कितीतरी जास्त देऊन जाते, निरोगी पंचविशीतल्याला जवळजवळ काहीच नाही. म्हणून डॉक्टरांना विचारा: 'माझ्यासारख्या शंभर जणांत दहा वर्षांत किती जणांना त्रास होतो, आणि गोळी घेतली तर किती जणांना?'

९. बीपी नक्की किती हवं? घरी १२८ येतं, दवाखान्यात १५०.

आधी मोजणं. स्प्रिंटमध्ये रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवत, मग यंत्र आपोआप तीनदा मोजे आणि सरासरी धरली जाई. बऱ्याच ठिकाणी त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नसे. जिना चढून आल्याआल्या बोलत बोलत मोजलेल्या आकड्याशी त्याची तुलनाच होत नाही. घरी मोजताना लघवीला जाऊन या, पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड छातीच्या पातळीला टेकवलेला. बोलू नका. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, असं आठवडाभर लिहून ती वही दाखवा.

घरी ठीक आणि दवाखान्यात जास्त, हे खूप जणांचं होतं. उलटंही असतं, दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त. ते जास्त फसवं, कारण त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

किती हवं, तर २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली असं सांगितलं. स्प्रिंटमध्ये १२० चा फायदा दिसला, पण चक्कर येऊन पडणं आणि मूत्रपिंडाच्या तक्रारीही वाढल्या. शिवाय मधुमेह असलेले आणि पक्षाघात होऊन गेलेले लोक त्यात घेतलेच नव्हते. ऐंशीच्या पुढचं प्रश्न १९ मध्ये.

१०. स्टॅटिनने अंग दुखतं. बंद करू?

दुखणं खरं असतं, कारण मात्र बहुधा गोळीतलं औषध नसतं. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना लंडनमधल्या संशोधकांनी बारा बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार प्लासिबोच्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, कोणत्या क्रमाने ते चिठ्ठीवर. गोळीच्या महिन्यांत आत औषध आहे की नाही हे कुणाला कळत नसे. रोज त्रासाचा आकडा शंभरपैकी टिपायचा. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, प्लासिबोच्या महिन्यांत १५.४, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळीमुळे होणाऱ्या त्रासाचा ९० टक्के भाग नुसती गोळी घेण्यानेच होत होता (२०२०). मला या चाचणीतलं सगळ्यांत आवडतं ते हे, की प्रत्येकाला त्याचाच आलेख दाखवला गेला आणि निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

अपवाद आहेत. स्नायू खरोखर झिजण्याचा गंभीर प्रकार फार विरळ, पण होतो. तीव्र दुखणं, अशक्तपणा आणि गडद रंगाची लघवी असं एकत्र आलं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखरही किंचित वाढू शकते.

उपयोगाबद्दल म्हणाल तर १९९४ च्या ४,४४४ रुग्णांच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत, हृदयविकार आधीच असलेल्यांत, सिम्व्हास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. तिथून पुढे वाद उरला आहे तो कुणाला द्यायचं याचा.

११. एलडीएल किती कमी चालतं? फार कमी झालं तर?

याचं उत्तर निसर्गाने केलेल्या प्रयोगातून मिळालं. काही लोकांत पीसीएसके९ नावाचं जनुक जन्मतःच निकामी असतं, त्यामुळे एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की असा बदल असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकार ८८ टक्के कमी.

आता हे स्टॅटिनच्या शेजारी ठेवून पाहा. काही वर्षांच्या चाचण्यांत एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरलं, की मोठे झटके साधारण २२ टक्के घटतात. जन्मापासून मिळालेली तेवढ्याच आकड्याची घट त्याहून कितीतरी पट फळते. फरक वर्षांचा आहे. प्रश्न २ मधले पिवळे पट्टे आठवले तर कारण लगेच ध्यानात येईल: धमनीला आजचा आकडा कळत नाही, ती सगळ्या वर्षांची बेरीज सोसत असते. यावरूनच पीसीएसके९ अडवणारी इंजेक्शनं निघाली, त्यातली पहिली दोन २०१५ मध्ये बाजारात आली. एलडीएल फार खाली गेल्याने काही बिघडतं असं त्यांच्या मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

१२. माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल, सिगारेट नाही, तरी आमच्याकडे पन्नाशीत अटॅक येतात. का?

लिपोप्रोटीन(ए) तपासलंय का? नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा कण एलडीएलचाच भाऊबंद, पण नेहमीच्या कोलेस्टेरॉल तपासणीत तो वेगळा दिसत नाही. त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असतं आणि आयुष्यभर फारसं हलत नाही, म्हणून बहुतेकांना तपासणी एकदाच पुरते. साधारण पाचांत एकाचं जास्त असतं. आहार-व्यायामाने ते उतरत नाही, स्टॅटिननेही नाही. मग कळून उपयोग काय, असं लोक विचारतात. उपयोग हा, की बाकीच्या गोष्टी, एलडीएल आणि रक्तदाब, जास्त कडक सांभाळता येतात, आणि भावंडांना, मुलांना वेळेत सांगता येतं.

१३. रक्त पातळ राहावं म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन घेतो. बरोबर ना?

कधी अटॅक, पक्षाघात, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी), बायपास काहीच झालेलं नसेल, तर बहुधा नाही. अ‍ॅस्प्री चाचणीत (२०१८) १९,११४ निरोगी वृद्धांना, बहुतेक सत्तरीपुढच्या, १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा प्लासिबो दिलं. हृदयविकारात ठोस फरक पडला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. साठीनंतर प्रतिबंधासाठी नव्याने अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये, असं अमेरिकी तज्ज्ञ समितीने २०२२ मध्ये सांगितलं.

आता अपवाद, आणि ते जीवावरचे आहेत. अटॅक येऊन गेलेल्यांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा पक्का आहे. स्टेंट बसवलेल्या माणसाने ते मनाने सोडलं तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचाय, शस्त्रक्रिया आहे, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आणि प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका असलेल्या गरोदर स्त्रियांना पहिल्या काही महिन्यांतच ते मुद्दाम देतात, त्याने तो विकार बऱ्याच जणींत टळतो.

१४. अँजिओग्राफीत ७० टक्के ब्लॉकेज निघालं. स्टेंट घालायलाच हवा ना?

अटॅक चालू असेल तर हो, आणि जितक्या लवकर तितकं बरं. त्यात वाद नाही.

पण चालल्यावर छातीत भरून येतं, थांबलं की जातं, असं महिनोन्‌महिने एकसारखं असेल, तर गोष्ट वेगळी. इस्केमिया चाचणीत (निष्कर्ष २०२० मध्ये छापले) अशा ५,१७९ रुग्णांत नीट औषधं देऊन थांबणं आणि आधीच स्टेंट किंवा बायपास करणं यांची तुलना झाली. सुमारे तीन वर्षांत मृत्यू आणि अटॅक यांत ठळक फरक निघाला नाही. ज्यांना वारंवार छातीत दुखायचं त्यांना स्टेंटनंतर आराम मात्र जास्त पडला. ऑर्बिटा चाचणी (२०१७) तर धाडसाची. २०० रुग्णांना गुंगी देऊन, कानाला संगीताचे हेडफोन लावून टेबलावर घेतलं, आणि निम्म्यांना स्टेंट घातलाच नाही. कुणाला घातला ते रुग्णाला माहीत नव्हतं. औषधं भरपूर चालू असताना व्यायाम करण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. पुढे ऑर्बिटा-२ मध्ये (२०२३) छातीदुखीची औषधं बंद ठेवली, तेव्हा स्टेंटने दुखणं खरंच कमी झालं. म्हणजे स्थिर आजारात स्टेंट हा प्रामुख्याने दुखण्यावरचा इलाज आहे.

कारण पुन्हा प्रश्न २ मधलं. थर सगळ्याच धमन्यांत पसरलेला असतो, स्टेंट एका जागेपुरता. आणि फाटणारा थर सगळ्यांत अरुंद जागेचाच असेल असं नाही. डाव्या मुख्य धमनीत ब्लॉकेज असलेले आणि हृदय फार कमजोर झालेले रुग्ण इस्केमिया चाचणीत नव्हते. ते तुमच्याबाबतीत असेल तर हे उत्तर तुम्हाला लागू नाही.

१५. चाळीस वर्षं सिगारेट ओढली. आता सोडून काय फरक पडणार?

पडतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा अभ्यास रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये सुरू केला आणि पन्नास वर्षांनी डॉल यांनीच त्याचा हिशेब मांडला: तिशीत सोडली तर आयुष्याची साधारण दहा वर्षं परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन.

१६. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि फिश ऑइल?

ई जीवनसत्त्व (२०००) आणि ड जीवनसत्त्व (२०१८) यांच्या मोठ्या चाचण्यांत हृदयाला फायदा दिसला नाही. फिश ऑइलच्या चाचण्या एकमेकींच्या उलट बोलतात, आणि मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. कमतरता असेल तर ती भरून काढणं हा वेगळा मुद्दा.

१७. बायकांना हृदयविकार कमी असतो ना?

उशिरा येतो, कमी नाही. जगात स्त्रियांच्या मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. पण जुन्या मोठ्या चाचण्यांत त्या फार कमी होत्या. १९८९ मध्ये अ‍ॅस्पिरिनचा फायदा सांगणाऱ्या अमेरिकी चाचणीत २२,०७१ डॉक्टर होते, सगळे पुरुष. स्त्रियांवर तशीच चाचणी झाली (२००५), ३९,८७६ जणींची, तर चित्र वेगळं निघालं: अटॅक कमी झाले नाहीत, पक्षाघात १७ टक्क्यांनी कमी झाला. इतकी वर्षं पुरुषांचं उत्तर बायकांना लावलं जात होतं, याचा मला आजही राग येतो.

छातीत दुखणं हे स्त्रियांतही मुख्य लक्षण आहे. सोबत धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, अवाजवी थकवा हे त्यांच्यात जास्त दिसतं. दगदगीवर ढकलू नका.

१८. वडिलांचं हृदय कमजोर आहे आणि त्यांना ठोके मंदावणारं बीटा ब्लॉकर दिलंय. हे उलट नाही का?

एके काळी सगळ्या डॉक्टरांना तसंच वाटायचं. कमजोर हृदयाला आणखी मंद करणं निषिद्ध होतं. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये फिन वागस्टाइन यांनी १९७५ मध्ये अवघ्या सात रुग्णांत ते देऊन सुधारणा दाखवली. विश्वास बसायला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली. १९९९ च्या सिबिस-२ चाचणीत बिसोप्रोलॉलने मृत्यू एक तृतीयांशाने घटले. कमजोर हृदय सतत अ‍ॅड्रिनलिनच्या चाबकाखाली पळत असतं आणि त्यानेच झिजतं, बीटा ब्लॉकर तो चाबूक काढून घेतं. सुरुवात अगदी कमी मात्रेने करतात, पहिले काही आठवडे थकवा वाढू शकतो.

यातली गुंतागुंत अशी, की अटॅकनंतर ज्यांचं हृदय चांगलं चालतं त्यांनाही हे औषध सवयीने दिलं जायचं. २०२४ च्या चाचणीत अशा ५,०२० रुग्णांत मृत्यू किंवा नवा अटॅक कमी झाला नाही. तेव्हा 'वडिलांचं इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, किती?' हे आधी विचारा. आणि बंद करायचं ठरलं तरी एकदम नाही, हळूहळू.

१९. आई ८२ वर्षांची आहे. आता एवढ्या गोळ्या कशाला?

रक्तदाबाची गोळी या वयातही कामाची आहे. हायव्हेट चाचणीत (२००८) ऐंशीपुढच्या ३,८४५ जणांचा दाब १५०/८० पर्यंत आणला, तर मृत्यू २१ टक्के आणि हार्ट फेल्युअर ६४ टक्के कमी झालं. मात्र ते वृद्ध त्यांच्या वयाच्या मानाने चांगल्या तब्येतीचे होते. आईचा तोल जात असेल, पडणं झालं असेल, तर उभं राहिल्यावर तिचा दाब किती उतरतो हे मोजायला सांगा. बसल्यावर उत्तम आणि उभं राहिल्यावर एकदम खाली, असं असेल तर मात्रा कमी करणं हाच उपचार.

स्टॅटिनचं असं: हृदयविकार आधीच असेल तर या वयातही चालू ठेवतात. काहीच आजार नसताना पंचाहत्तरीनंतर नव्याने सुरू करावं का, याचा पुरावा तुटपुंजा होता. ऑस्ट्रेलियातली स्टारी आणि अमेरिकेतली प्रिव्हेंटेबल या चाचण्या याच प्रश्नासाठी आखल्या गेल्या. अ‍ॅस्पिरिनबद्दल प्रश्न १३ पाहा. वर्षातून एकदा सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि एकेक उचलून विचारा, ही कशासाठी. आईलाही विचारा, तिला काय हवंय. आणखी पाच वर्षं की चक्कर न येता घरात फिरता येणं, याचं उत्तर तिचंच.

२०. चाचणीत भाग घ्या म्हणतात. आमच्यावर प्रयोग करतील का?

हो, प्रयोगच असतो, आणि तो तसा सांगूनच करावा लागतो. संमतीपत्र घरी आणून वाचा, समजलं नाही तर पुन्हा विचारा, सहीची घाई करू नका. हे नक्की विचारा: प्लासिबो मिळण्याची शक्यता किती, नेहमीचे उपचार चालू राहतील का, इजा झाली तर खर्च कुणाचा, निष्कर्ष आम्हाला कळवणार का. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडत नाहीत. मोठ्या चाचणीवर एक स्वतंत्र समिती मधून मधून आकडे पाहते आणि एका गटाचं नुकसान होतंय असं दिसलं तर थांबवते. कास्ट चाचणी अशीच थांबली.

नाही म्हणालात तरी काही चुकत नाही. हो म्हणालात, तर तुम्हाला मिळालेली गोळी खरी होती की प्लासिबो, हे चाचणी संपल्यावर जरूर विचारून घ्या.